तेहतीस इंचांचा मोह

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या बेसबॉल बॅटचे आकडे पाहिले. लांबी ३३ इंच, वजन ३० औंस, कॉम्पोझिट (कार्बनच्या धाग्यांच्या थरांची), एंड-लोडेड (टोकाकडे जड). किमतीचं नंतर बोलू. बॅट वाईट नाही, पण या मार्चमध्ये हायस्कूलच्या ट्रायआउटला, म्हणजे संघनिवडीच्या चाचणीला, ती तुझ्या हातात नको. का नको ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर तुला फक्त ‘नको’ एवढंच ऐकू येतं.

तुझी आत्ताची बॅट ३१ इंच, २३ औंस. औंसांतून इंच वजा केले की उणे आठ, म्हणून ती ‘ड्रॉप आठ’. हायस्कूलमध्ये हा आकडा उणे तीनच्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे ३१ इंची बॅट घेतलीस तरी ती किमान २८ औंसांची असणार, आत्ताच्यापेक्षा पाच औंस जड. बेसबॉलचं वजनही पाच ते सव्वापाच औंस असतं. थोडक्यात, तू काहीही न करता तुझ्या बॅटला एक अख्खा चेंडू चिकटणार आहे. ३३ इंची घेतलीस तर सात औंस, म्हणजे जवळपास दोनशे ग्रॅम वाढले. शिवाय बॅटचं टोक हातापासून दोन इंच लांब गेलं. एंड-लोडेड म्हटलं की वजनाचा मोठा भाग टोकाकडे सरकला. वजन, लांबी आणि भार, तिन्ही एकाच दिवशी बदलायला निघाला आहेस.

फिरवताना हाताला जाणवतं ते काट्यावरचं वजन नाही, ते वजन कुठे आहे हे जाणवतं. हातोडी दांड्याने धरून फिरव आणि मग डोक्याकडून धरून फिरव, लगेच कळेल. बॅटच्या चाचणीतही नॉबपासून (मुठीच्या टोकाच्या गोळ्यापासून) सहा इंचांवर आस धरून ती फिरायला किती जड जाते ते मोजतात. दुकानात तेवढी सोय नसते, पण एक सोपी युक्ती आहे. बॅट एका बोटावर आडवी तोलून धर आणि नॉबपासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर टेपने मोज. सारख्या लांबी-वजनाच्या दोन बॅटींत हा बिंदू एक इंच पुढेमागे निघाला, तर पुढची बॅट स्विंगला हमखास जड लागेल, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. खिशात टेप घेऊन जा. दुकानदार हसला तर हसू दे.

आता टोल्याचं गणित. स्विंगचा वेग तोच राहिला तर जड बॅट चेंडू लांब फेकते, हे खरं. पण वजन वाढवत गेलं की प्रत्येक औंसामागे मिळणारा फायदा कमी होत जातो आणि स्विंग मात्र मंदावतच जातो. त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेळेचा. पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, पायाखालच्या रबरी पट्टीपासून तू मारायला उभा असतोस त्या होमप्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच. ताशी ७५ मैलांचा चेंडू हातातून सुटल्यावर साधारण अर्ध्या सेकंदात तुझ्यापाशी येतो. चटकन फिरणारी बॅट असेल तर चेंडू क्षणभर जास्त बघता येतो. जड बॅटवाल्याला आधीच निघावं लागतं, मग कर्व्हबॉलवर, म्हणजे वळणाऱ्या चेंडूवर, तो हवा मारत बसतो.

यावर तू मोठ्या फटकेबाजांची नावं पुढे करशील, तेव्हा तेही बोलून टाकू. बेब रूथ ४० औंसांहून जड बॅट वापरायचा आणि १९२७ साली त्याने ६० होमरन (मैदानाच्या कुंपणापार जाणारे टोले) मारले, हे बरोबर. पण आजच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, तशी बॅट हातात घेऊन कोणी उतरत नाही. टेड विल्यम्स तर रूथनंतर थोड्याच वर्षांत हलकी बॅट घेऊन आला. त्याच बॅटने त्याने १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी (दर हजारी ४०६ यशस्वी फटके) काढली आणि कारकिर्दीत ५२१ होमरन मारले. हँक आरन सहा फुटांचा, सडपातळ अंगाचा. एकाही हंगामात त्याला ५० होमरन जमले नाहीत, सर्वाधिक ४७ आणि तेही १९७१ मध्ये. तरी एकूण ७५५. त्याची कमाई मनगटांची होती. मनगटांना न झेपणारी बॅट त्याच्या हातात दिली असती तर ती कमाई वायाच गेली असती.

आणि तुझा आवडता आरन जज. २०२२ मध्ये ६२ होमरन मारून त्याने रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) विक्रम मोडला. त्याची बॅट ३५ इंच, ३३ औंस. हा आकडा बघून तुला ३३ इंची घ्यावीशी वाटली असणार. पण त्याची उंची सहा फूट सात इंच आहे. त्याच्या अंगाला ३५ इंच बसतात, त्या हिशेबाने तुझ्या साडेपाच फुटांना २९-३० इंचच येतील! असा हिशेब कोणी करत नाही, करूही नये. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन उपयोग नसतो, एवढंच सांगायचं आहे. आजोबा फोनवर सचिनच्या जड बॅटची आठवण काढतील. त्यांना हो म्हण. क्रिकेटची बॅट चपटी, फटक्यांच्या दिशा वेगळ्या आणि तिथे सरळ बॅटीने चेंडू नुसता अडवूनही धावा होतात. तो हिशेब इथे लागू पडत नाही.

गेल्या वर्षीच्या टॉर्पेडो बॅटचा गाजावाजा तुला आठवत असेल. २९ मार्च २०२५ ला जजच्या यांकीज संघाने ब्रूअर्स संघाविरुद्ध एका सामन्यात नऊ होमरन मारले आणि जो तो ती बाटलीसारखी बॅट शोधू लागला. तिच्यात जादू काही नाही. काही खेळाडूंचा चेंडू टोकापेक्षा थोडा आत लागतो, म्हणून टोकाकडचं लाकूड कमी करून तिथे आणलं. व्यास २.६१ इंचांच्या मर्यादेतच होता, त्यामुळे ती नियमात बसली. त्याच सामन्यात जजने तीन होमरन मारले, ते साध्या आकाराच्या बॅटने. त्या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट एकच: आधी चेंडू बॅटवर कुठे लागतो ते शोधायचं, मग बॅट.

हे शोधणं अगदी सोपं आहे. बॅरलभर, म्हणजे बॅटच्या जाड भागावर, पावडर मार (पायांच्या दुर्गंधीसाठी मिळते ती स्प्रेची चालते), टीवरून (चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवरून) वीस चेंडू मार आणि ठसे बघ. बॅटीचा गोड भाग (स्वीट स्पॉट) टोकापासून साधारण पाच ते सात इंचांवर असतो. तुझ्या नव्या बॅटचा नेमका कुठे आहे हे बघायला नॉबजवळ दोन बोटांत बॅट सैल लोंबकळत धर आणि टोकाकडून आत एकेक इंचावर चेंडूने हलके ठोक. जिथे बोटांना कंप जाणवत नाही, तोच गोड भाग. तुझे ठसे त्याच्या आतल्या बाजूला, हँडलकडे पडत असतील तर बॅट उशिरा येते आहे किंवा तू प्लेटच्या फार जवळ उभा आहेस. लांब बॅट घेतलीस तर ते ठसे आणखी आत जातील. लांबीमुळे बाहेरचा चेंडू मिळतो खरा, पण आतल्या चेंडूवर हँडल लागून हाताला झिणझिण्या येतात.

मग घ्यायची कोणती? ३१ इंच, २८ औंस, बॅलन्स्ड (टोकाकडे जास्तीचं वजन नसलेली). ३२/२९ सुद्धा करून बघ, पण कसोटी लावून. नॉबजवळ एका हाताने धरून हात बाजूला खांद्याच्या रेषेत सरळ ताण आणि तीस सेकंद थांब. बॅट थरथरून खाली येऊ लागली तर ती जड. ही कसोटी ढोबळ आहे, खरी केजमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीत, लागते: पंचवीस स्विंग झाल्यावरचे पुढचे पाच बघ. बॅरल हातांच्या खाली लोंबू लागलं, मागची कोपर अंगाला चिकटून ओढली जाऊ लागली किंवा ओळखीच्या वेगाचे चेंडू सलग उजवीकडे फाउल (रेषेबाहेर) जाऊ लागले, की समज तुला उशीर होतोय. ताजेतवाने असताना मारलेले पहिले पाच स्विंग कोणत्याही बॅटीने छानच वाटतात.

शिक्क्याकडे दुर्लक्ष करू नकोस. बॅटवर ‘बीबीकोर .५०’ छापलेलं असलंच पाहिजे. चेंडू आणि बॅट आदळताना जितक्या वेगाने जवळ येतात, त्याच्या जास्तीत जास्त निम्म्या वेगाने दूर जावेत, असा त्या आकड्याचा अर्थ. लाकडी बॅटही साधारण तिथेच असते. पोकळ बॅटचं पातळ बॅरल दबून उसळायचं आणि चेंडू अंगावर येईपर्यंत पिचरला सावरायला वेळ मिळायचा नाही, म्हणून कॉलेजांत २०११ पासून आणि हायस्कूलमध्ये २०१२ पासून ही मर्यादा आली. तुझ्या जुन्या बॅटवरचा शिक्का इथे चालणार नाही. या मर्यादेमुळे शंभर डॉलरची आणि साडेचारशेची बॅट उसळीत जवळपास सारखीच असते. महाग बॅटमध्ये पैसे जातात ते गोड भाग थोडा रुंद असण्याला, झिणझिण्या कमी येण्याला आणि, खरं सांगायचं तर, रंगाला.

आता अ‍ॅलॉय (धातूची) की कॉम्पोझिट. ट्रायआउट न्यू जर्सीच्या मार्चमध्ये आहेत, त्यामुळे माझं मत एकसंध अ‍ॅलॉयला. ती दुकानातून आणली की त्याच दिवशी खेळायला तयार. कॉम्पोझिट आधी दीडशे-दोनशे फटक्यांनी मुरवावी लागते: टीवर अर्ध्या जोराने सुरुवात, दर फटक्याला बॅट पाव वळसा फिरवायची, जोर हळूहळू वाढवायचा. क्रिकेटची नवी बॅट लाकडी हातोडीने ठोकून तयार करतात तसंच काहीसं, फक्त इथे तेल नाही आणि हातोडीही नाही. रोलर लावून मुरवून देतो किंवा बॅरल आतून तासून देतो असं सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. तशी बॅट बेकायदा ठरते. सेकंडहँड कॉम्पोझिट याच कारणासाठी नको.

शिवाय थंडी. पारा ६० फॅरनहाइटच्या खाली गेला की चेंडू कडक होतो, कॉम्पोझिटचे थर ठिसूळ होतात आणि एखाद्या चुकार फटक्याला तडा जातो. केजमधल्या मशीनचे खळ्या असलेले पिवळे चेंडूही तिला घातक, ते खऱ्या चेंडूपेक्षा घट्ट असतात. अ‍ॅलॉयला तडा सहसा जात नाही, पोचे पडतात. पोचा पडलेली बॅट अंपायरच्या मापाच्या कड्यातून सरकली नाही तर ती बाद. कोणतीही बॅट रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नकोस आणि तिने बुटांचा चिखल झाडू नकोस. झटकल्यावर आत खुळखुळ आवाज आला तर बहुधा टोकाची टोपी सुटली आहे, लगेच खेळणं थांबव.

अ‍ॅलॉयचा एक दोष मान्य करते. थंडीत चेंडू चुकीच्या जागी लागला की हाताला सणकून बसते. त्यावर बॅटिंग ग्लोव्ह आणि थोडी जाड ग्रिप टेप हा उपाय. पण टेप इतकी जाड नको की बोटं हँडलभोवती पूर्ण वळणार नाहीत. हँडल तळव्यात नको, बोटांच्या मुळाशी हवं, आणि मधल्या पेरांच्या रांगा साधारण एका रेषेत. पकड घट्ट व्हायला पाइन टार (चिकट डांबर) लावलंस तर नॉबपासून १८ इंचांच्या आत. १९८३ च्या जुलैमध्ये जॉर्ज ब्रेटचा होमरन याच १८ इंचांवरून आधी रद्द झाला आणि तक्रारीनंतर पुन्हा धरला गेला. तुझ्यासाठी कोणी तक्रार करायला बसलेलं नाही.

सरावाला एक स्वस्त लाकडी बॅट मात्र जरूर घे, ३१ इंचीच. लाकूड खोटं बोलत नाही: इंचभर चुकलं की हात सांगतात. एका सलग लाकडाच्या बॅटला तो बीबीकोरचा शिक्काही लागत नाही. पूर्वी अ‍ॅशच्या बॅटी सर्रास होत्या. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने मेपलने ७३ होमरन मारले आणि सगळे मेपलकडे वळले (त्या काळातल्या ताकद वाढवणाऱ्या औषधांचा वाद वेगळा, तो तुला ठाऊक आहे). पुढे २००२ मध्ये मिशिगनमध्ये अ‍ॅश पोखरणारा हिरवा भुंगा सापडला आणि झाडंच जाऊ लागली. मेपल कठीण, पण तुटलं की मोठे टोकदार तुकडे उडतात. म्हणून मेजर लीगने हँडलवर शाईचा ठिपका द्यायला लावला: शाई लाकडाच्या रेषांबरोबर पसरते, आणि ती हँडलच्या सरळ रेषेपासून तीन अंशांहून जास्त कललेली दिसली तर ते लाकूड बाद. घेताना तो ठिपका बघ. आणि मारताना कंपनीचा शिक्का आकाशाकडे किंवा जमिनीकडे, चेंडूकडे कधीच नाही. कंपनीने शिक्का लाकडाची बळकट बाजू पाहूनच मारलेला असतो.

वॉर्म-अपला बॅटवर ते लोखंडी कडं चढवू नकोस. काढल्यावर बॅट हलकी वाटते, पण स्विंग वेगवान होत नाही, उलट पहिल्या काही फटक्यांना मंदच पडतो.

शनिवारी दुकानात जाशील तेव्हा ३१/२८ आणि ३२/२९ दोन्ही एकाच मॉडेलच्या माग, नाहीतर तुलना होत नाही. ३२ इंची त्या शेवटच्या पाच स्विंगांतही टिकली तर तीच घे, माझी हरकत नाही. पावती आणि बॅटवरच्या नंबरचा फोटो त्याच दिवशी मला पाठव. वॉरंटी बहुतेक वर्षभराची असते आणि पावतीशिवाय कोणी दाद देत नाही.

तुझी,
आई