तिथी पाहून ऑफिस

महोदय,

२०५० पर्यंत नरिमन पॉइंट, मंत्रालय हा परिसर बराचसा पाण्याखाली जाईल, असा इशारा तत्कालीन पालिका आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी २०२१ मध्ये दिला होता. चार दिवस चर्चा झाली, मग सामसूम. मला मात्र ती मुंबई डोळ्यांपुढे दिसू लागते. आभाळ निरभ्र, पण पौर्णिमेचे उधाण म्हणून दादरच्या सखल हिंदमाताला गुडघाभर पाणी. लोक लोकलच्या वेळेआधी भरतीची वेळ बघतायत. अमावास्या-पौर्णिमेला 'वर्क फ्रॉम होम', अष्टमीला भांग, म्हणजे भरतीचा जोर कमी, म्हणून सगळे हजर! तिथीवरून पाणी सांगणाऱ्या वरळीच्या कोळ्यांना पालिकेने तेव्हा तरी सल्लागार नेमावे.

यात कल्पना थोडीच आहे. आपल्या अनेक पर्जन्यवाहिन्यांची तोंडे आजही समुद्राच्या पातळीखाली आहेत. भरतीला पाणी बाहेर जातच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हे आपण भोगले. तरी वर्सोवा-भाईंदर सागरी रस्त्यासाठी लाटा थोपवणारे कांदळवन तोडायचे आणि बदल्यात झाडे भलतीकडेच लावायची? लाट काय पत्ता विचारून येणार आहे?

– एक वाचक, दादर