केसपेपरवर वजन आहे, स्नायू कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किडनीच्या कॅन्सरवरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. त्यातलं 'लठ्ठ रुग्ण जास्त जगतात' एवढंच वाक्य उचलून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर फिरलं, म्हणून हे पत्र.

लठ्ठपणामुळे हा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, यात वाद नाही. निदान झाल्यानंतर मात्र जास्त बीएमआयवाले (म्हणजे उंचीच्या मानाने जास्त वजन असलेले) रुग्ण तुलनेने अधिक जगल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. पण आजारानेच खंगलेला माणूसही त्या हिशेबात 'सडपातळ' म्हणून धरला जातो. शिवाय बीएमआयला चरबी आणि स्नायू सारखेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२!

माझ्या मेहुण्यांची किडनी काढायची ठरली तेव्हा केसपेपरवर वजन ७४ किलो लिहिलेलं होतं. सगळे म्हणाले, तब्येत उत्तम आहे. प्रत्यक्षात पोट जागच्या जागी होतं, पण मांड्या काटकुळ्या झालेल्या आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागायचा. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात गाठीचा आकार, शिरा, दुसरी किडनी, सगळं होतं; स्नायूंबद्दल अवाक्षर नाही. वास्तविक त्याच स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी घेतलेल्या एका आडव्या छेदचित्रावरून स्नायूंचं क्षेत्रफळ काढता येतं आणि पोटातली चरबी वेगळी, कातडीखालची वेगळी मोजता येते. त्यासाठी पुन्हा स्कॅन नको, जादा रेडिएशन नको. ज्यांचे स्नायू कमी भरतात, त्यांचं ऑपरेशननंतरचं आयुर्मान कमी असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. चरबीबाबत निष्कर्ष अजून उलटसुलट आहेत, हेही सांगायला हवं.

मोजणीचं सॉफ्टवेअर सगळीकडे नसेल, मान्य. पण शिंप्याची टेप तर असते ना? पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायूंची पुढची तपासणी करावी, असं आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्येच सांगितलं आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या रुग्णालयांनी ऑपरेशनआधीच्या तपासण्यांच्या यादीत निदान एवढी एक ओळ घालावी.

आणि नातेवाइकांचं काय? 'एकच किडनी उरली' म्हणून डाळ, अंडी, पनीर परस्पर बंद करणारे आमच्याही घरात निघाले. प्रथिनं किती द्यायची हे उरलेली किडनी कशी चालते त्यावर डॉक्टर ठरवतात. डिस्चार्जच्या कागदावर 'हलका आहार' असं मोघम लिहिण्याऐवजी रोज किती ग्रॅम प्रथिनं आणि किती चालणं, हे मराठीत लिहून द्यायला हरकत नसावी.

कळावे,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)