लाखांच्या बातम्या आणि नाण्यांचा खरा संग्रह

संपादक महोदय,

‘वैष्णोदेवीचे नाणे घरात आहे? तुम्ही लखपती!’ अशा धर्तीच्या बातम्या मोबाइलवर दर आठ-पंधरा दिवसांनी फिरतात आणि अधूनमधून छापीलही होतात. त्या वाचून लोक गल्ला उपसतात, कोणाला तरी ‘नोंदणी शुल्क’ भरतात आणि फसतात. नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क मागितले जाते, तेव्हा सावध राहा, असे खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते. वैष्णोदेवीचे ५ रुपयांचे नाणे २०१२ चे आहे, चलनासाठी काढलेले आहे आणि वापरलेल्या स्थितीत ते आजही किरकोळ भावात मिळते. या बातम्यांचे एक नुकसान पैशाचे. दुसरे त्याहून मोठे. एका सुंदर छंदाची ओळख लोकांना लॉटरीच्या तिकिटासारखी होते. म्हणून हे पत्र.

स्मारक नाण्यांची ओढ मुळात सोपी आहे. नाणे हातात बसते, त्यावर ओळखीचा चेहरा किंवा प्रसंग असतो आणि सुरुवातीला ते दर्शनी किमतीलाच मिळू शकते. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ मध्ये पंडित नेहरूंचे निघाले, १ रुपया आणि ५० पैसे. त्यानंतर इतके विषय आले की सगळेच जमवायला निघालेला माणूस दोन वर्षांत थकतो. विषय धरून जमवणारा टिकतो.

नाशिककरांना सुचवावेत असे दोन विषय. पहिला महाराष्ट्राच्या माणसांचा: डॉ. आंबेडकरांचा १९९० चा रुपया, संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया, त्याच वर्षीचे शिवछत्रपतींचे अकरा कोनांचे २ रुपये, संत तुकारामांचे २००२ चे २ रुपये, लोकमान्यांचे २००७ चे ५ रुपये आणि येवल्याच्या तात्या टोपेंचे २०१५ चे १० रुपये. सहा नाण्यांत एक पान भरते. दुसरा विषय शेती आणि अन्नाचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या उपक्रमातून १९७० पासून ही नाणी निघाली. १९७४ चे कुटुंबनियोजन व सर्वांसाठी अन्न, १९८१ चा जागतिक अन्न दिन, १९८७ चे छोटे शेतकरी, १९८८ ची कोरडवाहू शेती. द्राक्ष-कांद्याच्या या जिल्ह्यात शाळेच्या प्रदर्शनात हा संच मांडला, तर मुले स्वतःहून प्रश्न विचारतील. या संचातली १० आणि २० पैशांची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत. संग्रहात ठेवायला मात्र काहीच आडकाठी नाही. आमच्या मते नवख्याने इथूनच सुरुवात करावी, चांदीच्या मोठ्या नाण्यांपासून नव्हे.

विषय ठरला की सालाखालचे टांकसाळीचे चिन्ह पाहायला शिकावे. छोटा हिरा म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा. चिन्हच नसेल तर कोलकाता. एकच नाणे दोन-तीन टांकसाळींतून निघालेले असते, तेव्हा एका चित्रामागे दोन-तीन नाणी होतात आणि संग्रहाला खोली येते. दहापट दाखवणारे भिंग यासाठी पुरते. नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापल्या जातात, नाणी पाडली जात नाहीत. दोन्ही कामे एकाच सरकारी महामंडळाकडे असल्याने गोंधळ होतो. म्हणून ‘प्रेसमधून खास मिळवलेले नाणे’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच व्यवहार थांबवावा.

आता ७५, १००, १२५, १५० रुपयांच्या नाण्यांविषयी. ही बँकेच्या खिडकीवर मिळत नाहीत. टांकसाळ ती पेटीत घालून, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट दराने, ठरावीक काळ नोंदणी घेऊन विकते आणि नाणे हाती यायला महिनेही लागतात. एकाच नाण्याचे दोन प्रकार असतात. ‘यूएनसी’ म्हणजे न वापरलेले, साध्या चकाकीचे. ‘प्रूफ’ म्हणजे घासून आरशासारखे केलेले साचे आणि धातूच्या कोऱ्या चकत्या वापरून, एकाहून अधिक दाबांत पाडलेले. त्याची पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र दुधी दिसते. प्रूफच्या पार्श्वभूमीवर बोट टेकले तर ठसा राहतो, आणि काही महिन्यांत तो तपकिरी होऊन कायमचा बसतो. म्हणून नाणे कडेनेच धरावे, खाली मऊ कापड पसरलेले असावे.

यातली बरीच नाणी चार धातूंच्या मिश्रणाची असतात: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर, कडेला २०० दाते. हे आकडे त्या त्या नाण्याच्या राजपत्रातील अधिसूचनेत दिलेले असतात. खरेदीआधी ती वाचावी, कारण सगळ्या नाण्यांचा धातू सारखा नसतो. २०१० चे बृहदीश्वर मंदिराचे १००० रुपयांचे नाणे ८० टक्के चांदीचे आहे, तर रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीचे २०२४ चे ९० रुपयांचे नाणे ४० ग्रॅम शुद्ध चांदीचे. ३५ ग्रॅमच्या चार धातूंच्या नाण्यात चांदी साडेसतरा ग्रॅमच असते. ‘चांदीचे नाणे’ एवढे ऐकून पूर्ण वजनाचा भाव लावणारे इथेच चुकतात.

नक्कल ओळखायला सराफाकडे जायची गरज नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यावा, त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा. वापरलेले, पेटीबाहेर विकायला आलेले नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबते धरावे. ते तळाला किंवा भिंतीला टेकू नये, बुडबुडा चिकटलेला नसावा. काटा जेवढे वजन दाखवेल तेवढे पाणी नाण्याने सारले. चार धातूंच्या ३५ ग्रॅमच्या नाण्याला हा आकडा ३.६७ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. पितळेची नक्कल ४.१ च्या आसपास दाखवते, लोखंडाची साडेचारच्या जवळ. १९६९ चे गांधीजींचे १० रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे. त्याला सुमारे १.४८ हवेत. प्रूफ नाण्यावर हा प्रयोग करू नये. चुंबकाची कसोटी त्याहून सोपी, पण अपुरी: ज्ञानेश्वरांचा रुपया पोलादाचा असल्याने चुंबकाला चिकटतो, शिवछत्रपतींचे २ रुपये तांबे-निकेलचे असल्याने चिकटत नाहीत. चांदी चिकटत नाही, तसे पितळही चिकटत नाही.

दोन धातूंच्या १० रुपयांच्या नाण्यांत ‘टांकसाळीची चूक’ म्हणून मधला भाग फिरवलेली नाणी विकली जातात. भिंगाखाली कड्याच्या आतल्या काठावर ओरखडे किंवा ठोकल्याचे चपटे डाग दिसले, तर तो भाग काढून पुन्हा बसवलेला आहे. अशा नाण्याला संग्रहमूल्य शून्य.

सर्वांत जास्त नाणी मरतात ती साफसफाईने. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांनी नाणे चमकते, कारण वरचा थर निघून जातो. त्याबरोबर ठशाच्या बारीक रेषाही जातात. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यातील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नव्या छापाखाली जुन्या राजाचे अर्धे नाक, एखादे अक्षर उरलेले दिसते आणि कोणी कोणाला हरवले हे त्यावरूनच कळते. ती नाणी कोणी चिंचेने उजळवली असती, तर आधी हेच अवशेष गेले असते.

ठेवण्याबाबत एवढेच. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटे टाळावीत. त्यातून सुटणारे आम्ल तांब्याशी जुळून हिरवा चिकट थर येतो. आला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून दूर, नाणे काही मिनिटे बुडवून ठेवावे, चोळू नये; नेलपॉलिश काढायचे द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. चांदीला रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि उदबत्तीचा धूर काळे पाडतात, म्हणजे देवघराशेजारचे कपाट नको. नाण्याच्या नेमक्या व्यासाची कडक कॅप्सूल, म्हणजे गोल पारदर्शक डबी, घ्यावी. ४४ मिलिमीटरचे नाणे ४६ च्या कॅप्सूलमध्ये हलते आणि कडा घासते. जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की बदलाव्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या १० पैशांवर पांढरे ठिपके पडतात ते याच दमटपणाने, आणि ते परत जात नाहीत.

शिकायला आपल्याकडे जागा आहे. त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. शाळांच्या सहली शेजारून जातात. त्यांनी तिथे दोन तास थांबावे.

सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंड, त्र्यंबकेश्वर, काळाराम यांची चित्रे असलेली पदके ‘कुंभाचे स्मारक नाणे’ म्हणून विकायला येतील, अशी आम्हाला भीती वाटते. पदक विकत घेण्यात गैर काही नाही, आठवण म्हणून ते छानच. पण नाणे केंद्र सरकारच काढू शकते. त्याच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, ‘भारत’ हे नाव आणि बहुधा त्याच बाजूला रुपयांतील किंमत असते. किंमत कोरलेली नसेल, तर ते नाणे नव्हे. आपल्या वृत्तपत्राला विनंती की अशी बातमी छापताना वस्तूच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र द्यावे, आणि नाणे असेल तर राजपत्रातील अधिसूचनेची तारीख बातमीतच छापावी.

आपले,
काही नाणेसंग्राहक, नाशिक