पंपावरची हवा आणि म्हशाचा रस्ता

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात मोटारसायकलवरून कुठे कुठे भटकावं यावर आपण अख्खं पान दिलं होतं. फोटो सुरेख होते. हेल्मेटवर लावायचा कॅमेरा कोणता घ्यावा, साध्या रेनकोटपेक्षा रायडिंग जॅकेट का बरं, गुडघ्यांना पॅड हवेत की नकोत, सगळं होतं. टायरमधल्या हवेबद्दल मात्र एक ओळही नव्हती. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तरी नव्हती. म्हणून हे पत्र.

मी कळव्याला राहतो. वागळे इस्टेटमध्ये ३४ वर्षं फिटर होतो, आता निवृत्त आहे. गाडी २००७ ची स्प्लेंडर, तारांच्या चाकांची, ट्यूबवाली. सुट्टीच्या दिवशी सौभाग्यवतींना मागे बसवून आडरस्त्याने हिंडणं हा आमचा जुना नाद आहे. मोठे नवे रस्ते तसेही आम्हाला बंदच आहेत. पुण्याच्या द्रुतगती मार्गावर दुचाकी नाही, अटल सेतूवर नाही, आमच्याच जिल्ह्यातून आमण्यापासून सुरू होणाऱ्या समृद्धीवरही नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. शंभर सीसीच्या गाडीने तिथे जाऊन करायचं काय? आम्हाला मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूर असा फेरा पुरतो. नाहीतर मुरबाडहून म्हसा, तिथून कशेळेवरून कर्जत, आणि नेरळ-बदलापूर करून परत. चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने गेलं की वालाच्या शेंगा घेऊन बसलेली बाई आधी दिसते, आणि थांबायला वेळ मिळतो. ऐंशीने गेलं की ती मागे राहते आणि पुढे फक्त पुढच्या गाडीचा धूर.

पण या रस्त्यांचं एक आहे. तिथे काही झालं तर आपलं आपण. मुरबाड सोडलं की पंक्चरचं दुकान कुठे उघडं असेल याचा भरवसा नाही. खड्डा आला की तो खडीसकट येतो, आणि गतिरोधकावर पांढरे पट्टे असतीलच असं नाही. रस्ता मऊ नसेल तर चाक मऊ हवं, असं कुणाला वाटेल. खरं ते उलटं आहे, आणि ते मी फिटर असूनही एकदा चांगलंच शिकलो.

दर २ जानेवारीला सिद्धगडाकडे जायचा माझा परिपाठ आहे. १९४३ साली त्याच तारखेला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथल्या जंगलात धारातीर्थी पडले. त्यांच्या 'आझाद दस्ता' या क्रांतिकारकांच्या तुकडीने विजेचे मनोरे पाडून इंग्रजांच्या नाकी नऊ आणले होते. जन्म यंत्रांत काढलेल्या माणसाला या गोष्टीचं जरा जास्तच अप्रूप. तीन वर्षांपूर्वी असंच निघायचं होतं. आदल्या संध्याकाळी घराजवळच्या पेट्रोल पंपावर टाकी भरली आणि हवा तपासायला गेलो. आकडा लावायचा आणि तेवढा झाला की टिकटिक थांबते, असं डिजिटल मशीन होतं. एकटा असलो तर माझ्या गाडीला पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस पौंड लागते. दोघं बसणार म्हणून पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मागे वाढवून घेतली. पडद्यावर आकडा बरोबर दिसला. मुलाला धन्यवाद दिले आणि घरी आलो.

पहाटे साडेपाचला निघालो. खारेगाव, मानकोलीपाशी भिवंडीच्या गोदामांकडे वळणारे ट्रेलर, रांजणोलीहून कोनगाव, दुर्गाडीचा पूल, शहाड. म्हारळ-वरप सोडेपर्यंत शहर काही सुटत नाही. रायत्याच्या पुलावर उल्हास नदीवरचं धुकं अंगावर आलं तेव्हा कुठे निघाल्यासारखं वाटलं. मुरबाडला चहा घेतला. म्हशाची जत्रा तोंडावर आलेली, त्यामुळे बैलांचे टेम्पो रस्त्यावर होते. गाडीचं मागलं अंग किंचित डुलतंय असं मला एकदोनदा जाणवलं. सौ.ना म्हटलं, "जरा नीट बस ना." त्या म्हणाल्या, "मी नीटच बसलेय. गाडीला विचारा."

म्हशाच्या अलीकडे एका मोरीपाशी डांबर उखडलं होतं. खड्डा फार खोल नव्हता. धाडकन आवाज झाला, आणि शंभर पावलांत मागचं चाक बसलं.

दोन किलोमीटर ढकलत नेली. एका घराच्या पडवीत पंक्चरचं दुकान होतं. मुलाने चाक काढलं, ट्यूब बाहेर ओढली, हातपंपाने थोडी फुगवून पाण्याच्या घमेल्यात धरली. बुडबुडे एका जागेवरून नाही, दोन जागांवरून, जोडीने. बोटभर अंतरावर दोन सरळ चिरा, साप चावल्यासारख्या.

"खिळा नाय लागला काका," तो म्हणाला. "हवा कमी होती. रिमने ट्यूब चावली."

मी म्हटलं, कालच भरली, पंपावर, आकडा बघून. त्याने माझ्याकडे जरा दया आल्यासारखं पाहिलं. "पंपावरची ना?" एवढंच. मग त्याने पॅच मारले, ठरलेले पैसे घेतले आणि हातपंपाने हवा भरून अंगठ्याने टायर दाबून पाहिला. अंगठ्यावर माझा विश्वास नव्हता. पण परत कळव्याला येईपर्यंत गाडी डुलली नाही.

हे घडतं कसं ते सांगतो, कारण तुमच्या पानावर याला दोन ओळी हव्या होत्या. टायरमध्ये हवा कमी असली की त्याची बाजूची भिंत चालताना सारखी दबते आणि सुटते. त्याने टायर तापतो, हळूहळू चिरा पडतात, पेट्रोलही जास्त जातं. खड्ड्यात चाक आपटलं की टायर पार दबून रिमला टेकतो, आणि मधली ट्यूब चिमट्यात सापडावी तशी सापडते. फारच कमी असेल तर ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व मुळातून उपटतो. ती ट्यूब मग पॅचने जोडता येत नाही, फेकून द्यावी लागते. हवा जास्त भरली तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग कमी होतो आणि ओल्या काँक्रीटवर मागचं चाक नाचतं. शिवाय हवा मोजायची ती टायर थंड असताना. दहा किलोमीटर पळवून मोजली तर आकडा वाढीव येणार, आणि आपण खूश. थंडीत पारा दहा अंश उतरला तर दीडेक पौंड आपोआप उतरते. यात रॉकेट सायन्स काही नाही, सातवी-आठवीचं विज्ञान आहे.

त्या प्रकारानंतर मी पेनाएवढा एक दाबमापक विकत घेतला. आधी तोच खोटा नाही ना हे ओळखीच्या दोन गॅरेजांत पडताळून पाहिलं (फिटरची सवय जात नाही). मग एका सकाळी, टायर थंड असताना, त्याच पंपावर गेलो. पंप घरापासून पायी तीन मिनिटांवर आहे, गाडी ढकलतच नेली. मशीनच्या पडद्यावर तीस. माझ्या काट्यावर एकवीस. पुन्हा पाहिलं, तेच. मॅनेजरना दाखवलं. ते म्हणाले, "मशीन वरून येतं, आम्ही काय करणार?" तक्रार वही मागितली. ती कपाटात होती, आणि चावी साहेबांकडे. साहेब दुपारी येणार होते. दुपारी गेलो तर साहेब उद्या येणार होते. तिसऱ्या दिवशी वही मिळाली, मी सविस्तर लिहिलं, आकड्यांसकट. पुढच्या आठवड्यात मशीनवर कागद चिकटला, "हवा बंद आहे."

पंपावर हवा फुकट मिळाली पाहिजे, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि तक्रार वही असली पाहिजे, हे तेल कंपन्यांच्या नियमांतच लिहिलेलं आहे. पेट्रोलचं माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवा असं आपण म्हणू शकतो, भेसळ वाटली तर फिल्टर पेपर मागू शकतो. पेट्रोल देणाऱ्या यंत्राला वैधमापन खात्याचं सील असतं आणि त्याची दरवर्षी पडताळणी होते. मग शेजारीच उभ्या असलेल्या हवेच्या काट्याने काय घोडं मारलंय? पेट्रोल पन्नास मिली कमी आलं तर माझे चार-पाच रुपये जातात. हवा नऊ पौंड कमी आली तर मोरीच्या कठड्याशी गाठ पडते. यंत्राची पडताळणी करायला माणूस येतोच, तर त्याने येताना एक दाबमापक खिशात आणावा आणि दोन मिनिटं तिकडेही घालवावीत, एवढीच माझी मागणी आहे. आणि पडताळणीची तारीख मशीनवर मोठ्या अक्षरांत लिहावी.

काही पंपांवर आता फुकटची हवा बंद आणि पैसे देऊन नायट्रोजन चालू असा प्रकार आहे. नायट्रोजन वाईट नाही, तो कोरडा असतो, दाब जरा जास्त टिकतो. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तो देवाने फुकट दिलाय. चाळीसच्या वेगाने म्हशाला जाणाऱ्या माणसाला उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी पैसे मोजायची गरज नाही.

तुमच्या तरुण वाचकांसाठी आणखी एक, मग थांबतो. हवेखालोखाल आडरस्त्यावर दगा देते ती चेन. माझ्यासारख्या गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असते, म्हणून ती कुणाला आठवतच नाही. त्या कव्हरला खाली रबराचं एक बूच असतं. ते काढून बोटाने चेन वरखाली करून बघा. दोन-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक, त्याहून जास्त हलून कव्हरवर खडखडत असेल तर ताणायची वेळ झाली. घट्ट करतानाही हात आखडता ठेवा. फार ताणली तर माणूस मागे बसल्यावर ती तंतुवाद्यासारखी होते आणि बेअरिंग खाते. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. उघडी चेन असेल तर रॉकेलने धुऊन, पुसून, नव्वद नंबरचं ऑईल थेंब-थेंब सोडावं, तेही आतल्या बाजूला, कारण फिरताना ते आपोआप बाहेर फेकलं जातं. पावसात भिजून आलात तर त्याच रात्री. आमचा भाचा हे सगळं सर्व्हिस सेंटरवर सोडतो आणि बिलावर 'चेन ल्यूब' लिहिलेलं बघून समाधान मानतो. एकदा मी त्याच्या गाडीचं बूच काढून दाखवलं. आत गेल्या पावसाळ्याचा चिखल वाळून बसला होता.

हवेसाठी पायाने मारायचा पंप दुकानात मिळतो. मी तो घेतलाय आणि सिद्धगडाला आताही जातो. पण ज्याचं रोजचं पोट गाडीवर आहे, जो पाठीवर जेवणाची पार्सलं घेऊन रात्री अकराला घोडबंदर रोडने जातो, त्याने दाबमापक आणि पायपंप का बाळगावा? त्याच्या हक्काची हवा त्याला रस्त्यावर मिळाली पाहिजे, आणि ती मोजून मिळाली पाहिजे.

हे पत्र टाकण्याआधी काल पुन्हा त्या पंपावर जाऊन आलो. मशीन तिथेच आहे. "हवा बंद आहे" चा कागद पावसात भिजून गळून पडला होता, म्हणून त्यांनी नवा लावलाय. या वेळी लॅमिनेट करून.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फिटर
कळवा, ठाणे