मेंदूतली सिस्ट कोणती, हे आधी ठरू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लहान मुलाच्या एमआरआयच्या अहवालात ‘सिस्ट’ असे लिहून आले की आपल्याकडची कुटुंबे दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण त्याच रात्री पुण्याची गाडी पकडतात. काही जण डोक्याला चाकू लावायचाच नाही असे ठरवून अहवाल कपाटात ठेवून देतात. दोन्हीत मुलाचे नुकसान होऊ शकते, कारण या सगळ्या पाणगाठी एका जातीच्या नसतात. काहींना आयुष्यभर हात लावावा लागत नाही, काही हळूहळू दृष्टी घालवतात, आणि एका प्रकारात नुसती सुई टोचली तरी जिवावर बेतते. गाठ कोणती हे ठरल्याशिवाय शस्त्रक्रियेला होही म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये, हे सांगण्यासाठी हे पत्र.

निदानाची सुरुवात यंत्रापासून होत नाही, साध्या टेपपासून होते. टेप न ताणणारी हवी. शिवणकामाची जुनी कापडी टेप सैल पडलेली असते, ती नको. बाळाचे टोपडे काढायचे, भुवयांच्या लगेच वरून आणि मागे डोके सर्वांत फुगीर असते तिथून टेप फिरवायची, तीनदा मोजायचे आणि सर्वांत मोठा आकडा तारखेसह लिहायचा. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर जन्मतः साधारण 34 ते 35 सेंमी असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे 2 सेंमी वाढतो, पुढचे तीन महिने 1 सेंमी आणि त्यानंतर वर्षापर्यंत अर्धा सेंमी. म्हणजे पहिल्या वाढदिवसाला तो 46 सेंमीच्या आसपास येतो. एखादा आकडा मोठा निघाला म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही. आई-वडिलांचीही डोकी मोजून पाहावीत, पुष्कळदा ते घराण्याचे वळण असते. पण वाढीच्या तक्त्यावरची रेघ दर भेटीला वरची पट्टी ओलांडत असेल, तर ‘डोके मोठे म्हणजे पोरगं हुशार’ म्हणून थांबू नये.

बाळ शांत असताना, बसवलेल्या स्थितीत टाळू फुगीर लागणे, कपाळावरच्या शिरा ठळक होणे, बुबुळे खाली झुकून वर पांढरा भाग दिसणे ही डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणे आहेत. टाळू भरल्यानंतर, म्हणजे साधारण दीड वर्षापुढे, चित्र बदलते. सकाळी उठल्या उठल्या डोके दुखते, उलटी होते आणि उलटीनंतर बरे वाटते. हे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर पित्त किंवा जंत म्हणून औषधे बदलत बसण्यात अर्थ नाही. नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यात थेंब घालून आतली नस सुजली आहे का, हे त्याच आठवड्यात पाहून घ्यावे. टाळू उघडी असलेल्या तान्ह्या बाळात मात्र नस सुजलेली नसली तरी दाब नाही असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण तिथे कवटीच पसरून दाब सामावून घेते.

एक लक्षण तर इतके ठळक आहे की ते चुकू नये, आणि तरीही चुकते. दोन-तीन वर्षांचे मूल बसले किंवा उभे राहिले की मान सतत ‘हो हो’ म्हटल्यासारखी हलवते, सेकंदाला दोन-तीन वेळा. झोपेत हे पूर्ण थांबते, लक्ष वेधले की कमी होते. त्यामुळे घरचे याला खोड समजतात, कुणी वारे समजतात, कुणी दृष्ट काढतात. मेंदूच्या तळाशी, पियुषिका (पिट्युइटरी) ग्रंथीच्या वर, मेंदूवरच्या पातळ पडद्यात पाणी साठून होणाऱ्या अ‍ॅरॅक्नॉइड सिस्टमध्ये हे दिसते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी मोबाइलवर मिनिटभराचे चित्रीकरण करून न्यावे, कारण तपासणीच्या खोलीत मूल घाबरून मान स्थिर धरते.

तपासण्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. टाळू उघडी असेल तर पहिली तपासणी सोनोग्राफी. टाळूवरूनच ती होते, भूल लागत नाही, किरणोत्सर्ग नाही. मूल गुंगीत असेल किंवा पडून मार लागला असेल तर सीटी, कारण ती काही मिनिटांत होते. गाठीची जात ओळखायची तर एमआरआयच हवा. त्यातही साधे चित्र पुरत नाही. डिफ्यूजन या चित्रात एपिडर्मॉइड (त्वचेच्या पेशींची) गाठ पांढरी चमकते आणि अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट काळी राहते. बाकी चित्रांत दोन्ही पाण्यासारख्याच दिसू शकतात. गाठीचे पातळ पडदे दिसण्यासाठी सीआयएसएस किंवा फिएस्टा नावाची बारीक कापांची चित्रे मागावी लागतात. अर्बुदाची (ट्यूमरची) शंका असेल तर शिरेतून औषध देऊन पुन्हा चित्रे घेतात. हे सगळे अर्धा ते पाऊण तास चालते, म्हणून पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला बहुधा झोपेचे औषध लागते. त्याआधी जेवण व वरचे दूध 6 तास, आईचे दूध 4 तास आणि साधे पाणी 2 तास बंद. ‘दोनच घोट पाजले’ हेही लपवू नये. पोटातले फुप्फुसात गेले तर एमआरआयपेक्षा मोठे संकट उभे राहते.

आता मान हलवणाऱ्या मुलाकडे परत येऊ, कारण चूक सर्वांत सहज इथे होते. ही सिस्ट खालून वर फुगते, मेंदूच्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या पोकळीत शिरते आणि बाजूच्या पोकळ्यांची दारे बंद करते. तिची भिंत इतकी पातळ आणि आतले पाणी इतके सारखे असते की सीटीवर ती फुगलेली तिसरी पोकळीच वाटते. मग ‘डोक्यात पाणी झाले’ एवढेच निदान होते आणि मेंदूतले पाणी पोटात सोडणारी शंटची नळी बसते. बाजूच्या पोकळ्या रिकाम्या होतात, पालकांना बरे वाटते, पण सिस्ट जागच्या जागी राहून दृष्टीच्या नसा आणि पियुषिका दाबत राहते. शिवाय पोकळ्या आकसल्यावर दुर्बिणीला शिरायला जागा उरत नाही. म्हणून शंटला संमती देण्यापूर्वी ‘एमआरआयमध्ये सिस्टची भिंत शोधली का?’ हा प्रश्न पालकांनी जरूर विचारावा.

योग्य उपाय दुर्बिणीचा आहे. कपाळाच्या वर, केसांच्या आत, बहुधा उजवीकडे सुमारे 1 सेंमीचे छिद्र पाडून दुर्बीण बाजूच्या पोकळीत नेतात. तिथे सिस्टचा निळसर घुमट वर आलेला दिसतो. त्याला मोठे भोक पाडतात. पण काम तिथे संपत नाही. सिस्टमधून खाली जाऊन तळाचा पडदाही उघडावा लागतो, म्हणजे पाण्याला वरून आणि खालून असे दोन रस्ते मिळतात. केवळ वरचा पडदा उघडला तर तो पुन्हा चिकटण्याची शक्यता जास्त असते. खालच्या पडद्याला लागूनच मेंदूची मुख्य बॅसिलर धमनी धडधडत असते, म्हणून तिथे जाळण्याचे उपकरण न वापरता बोथट टोकाने छिद्र पाडून छोट्या फुग्याने ते रुंद करतात. शस्त्रक्रियाभर अंगाच्या तापमानाचे रिंगर लॅक्टेट हे सलाइनसारखे द्रावण आत सोडत असतात. ते बाहेर पडण्याची वाट तुंबली तर आतला दाब वाढून मुलाची नाडी एकदम मंदावते. म्हणून भूलतज्ज्ञाचा आवाज आणि बाहेर येणारे पाणी या दोन्हींकडे लक्ष ठेवावे लागते. नंतरच्या चित्रात सिस्ट पूर्ण नाहीशी झालेली दिसत नाही, लहान होते. ‘गाठ राहिलीच की’ म्हणून पालक खचतात, खचू नये. लक्षणे आणि नेत्रतपासणी काय सांगते ते पाहावे. पहिल्या दिवसांत लघवीचे मोजमाप ठेवावे. पियुषिकेला धक्का बसला तर लघवी पाण्यासारखी भरमसाठ होते आणि रक्तातले सोडियम चढते. पुढची काही वर्षे उंची दर सहा महिन्यांनी मोजावी. मुलीत 8 वर्षांपूर्वी, मुलात 9 वर्षांपूर्वी वयात येण्याची चिन्हे दिसली तर हार्मोनतज्ज्ञांकडे जावे.

कानाच्या पुढे, कवटीच्या बाजूच्या खळगीतली अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट याहून पुष्कळ जास्त आढळते आणि बहुतेकदा दुसऱ्याच कारणाने काढलेल्या चित्रात सापडते. लक्षणे नसतील, नस सुजलेली नसेल, तर ठरावीक काळाने चित्र काढून पाहणे हाच उपचार. डोक्याला मार लागल्यावर अशा मुलात रक्तस्रावाचा थोडा जादा धोका असतो, तेवढी दक्षता पुरे. मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनिअल ग्रंथीतली लहान सिस्टही बहुधा निरुपद्रवी. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत दिसणारी कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतले पाणी तयार करणाऱ्या जाळीतली) सिस्ट एकटीच असेल, बाकी सर्व ठीक असेल, तर ती बहुधा आपोआप विरते. तेवढ्यावरून गर्भपाताचा विचार करणे चूक आहे.

आपल्या भागासाठी खास सांगायला हवे ते हायडॅटिड सिस्टविषयी. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या पट्ट्यात मेंढ्या आहेत आणि मेंढ्यांबरोबर कुत्री. कुत्र्याच्या आतड्यातील फीतकृमीची अंडी विष्ठेतून माती-पाण्यात, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर आणि तिथून मुलाच्या तोंडात जातात. गाठ बहुधा यकृतात किंवा फुप्फुसात होते, मेंदूत शंभरात एक-दोनदाच. पण मेंदूत होते तेव्हा रुग्ण बहुतेक मूलच असते. चित्रात ती मोठी, गोल, गुळगुळीत दिसते आणि भोवती सूज नसते. रक्ततपासणी निर्दोष आली तरी शंका सोडू नये. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून इतरत्र गाठ आहे का ते पाहावे. या गाठीत सुई घालून पाणी काढायचे नाही. ती फुटली तर तीव्र अ‍ॅलर्जीने रक्तदाब कोसळू शकतो आणि सांडलेल्या कणांतून पुढे अनेक गाठी होतात. शस्त्रक्रियेत कवटी ऐसपैस उघडतात, गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये मऊ रबरी नळीने हळूहळू सलाइन सोडतात, टेबल झुकवतात, आणि पाण्याच्या रेट्याने व स्वतःच्या वजनाने गाठ अखंड घरंगळत बाहेर येते. ओढायचे नाही, चिमट्यात धरायचे नाही. अ‍ॅड्रिनालिन भरलेली सिरिंज भूलतज्ज्ञाच्या हाताशी असावी. नंतर वजनानुसार अल्बेंडॅझॉल, दिवसाला किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, स्निग्ध अन्नाबरोबर. आणि यकृत व पांढऱ्या पेशींची तपासणी चालू ठेवून.

आकडी आलेल्या मुलात 2 सेंमीपेक्षा लहान, कडी असलेली गाठ दिसली तर ती बहुधा सिस्टिसर्कोसिसची, म्हणजे डुकराच्या फीतकृमीच्या अंड्यांमुळे होणारी असते. ती दुर्मीळ नाही, आणि शाकाहारी घरातही होते, कारण अंडी न धुतलेल्या पालेभाजीतून आणि हातांतून येतात. तिला सहसा औषधेच लागतात. मात्र क्षयाची गाठ नाही याची खात्री करून, आणि अल्बेंडॅझॉलपूर्वी डोळ्यात गाठ नाही ना ते पाहून.

शंट बसलेल्या मुलाला ताप, उलटी किंवा पेंग आली तर शंट बंद पडला किंवा त्यात जंतुसंसर्ग झाला असे धरूनच, रात्र असली तरी निघावे. शंटचा प्रकार लिहिलेले कार्ड आणि आधीच्या चित्रांची सीडी पिशवीत असावी. नुसत्या फिल्मवरून तुलना नीट होत नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत दोन वर्षांपर्यंत डोक्याचा घेर मोजून तक्त्यावर मांडला जावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात, त्यांच्याकडे न ताणणारी टेप असावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मुलाची नेमकी शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेखाली होते का, हे पालकांनी दाखल होण्यापूर्वीच आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला) विचारावे. आणि पशुसंवर्धन खात्याने मेंढपाळांच्या कुत्र्यांना ठरावीक अंतराने प्राझिक्वांटेलची मात्रा वाड्यावर जाऊन द्यावी, कापलेल्या जनावराचे आतडे-काळीज कुत्र्यांपुढे न टाकता खोल पुरले जाईल अशी व्यवस्था आठवडी बाजारांच्या गावी करावी.

आपले,
मुलांच्या मेंदूविकारांवर काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका,
सोलापूर