विन्या, तो फोटो नव्हता

नाशिक, रविवार रात्र

प्रिय विन्या,

दिवाळीत तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. कारणबिरण काही नाही, लाज वाटत होती. आई बरी आहे, माझी शुगर होती तिथेच आहे. आता मुद्द्यावर येतो, नाहीतर पुन्हा टाळीन.

माझं ते केशरी चित्र आठवतंय? व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं आणि तू 'जिलबी छान' एवढंच लिहिलं होतंस. ते कशातून आलं हे सांगायचंच राहिलं. १० मे २०२४ च्या रात्री सूर्याकडून मोठं वादळ पृथ्वीवर आदळलं, लडाखात हानले गावी आकाश लाल झालं. मी येडा दोन वाजेपर्यंत गच्चीवर. इतक्या दक्षिणेला काही दिसणार नाही हे माहीत असून. अंबडकडे थोडं तांबूस दिसलं, ते एमआयडीसीचे दिवे. ही म्हणाली, "झोपा आता, सूर्य सकाळी येणारच आहे."

मग चिडून अपोफिसिस उघडलं, ते गणिती सूत्रांतून चित्र काढणारं सॉफ्टवेअर. एक ठिपका घ्यायचा, पाच-सहा सूत्रांपैकी कुठल्यातरी एकातून फिरवायचा, कुठल्या ते जणू चिठ्ठी टाकून ठरतं, आणि असं कोट्यवधी वेळा. ठिपके दाटतात तिथे उजेड. या प्रकाराला नावच 'फ्लेम' आहे, १९९२ मध्ये स्कॉट ड्रेव्ह्जने काढलेला. पहाटेपर्यंत काळ्यावर केशरी कमानी उठल्या, अगदी सौरज्वालेसारख्या. फक्त उजवीकडे खाली एक भोवरा, त्याच्या पोटात तसाच लहान, त्याच्याही पोटात आणखी लहान. तिथेच चोरी पकडली जाते: हे सूत्राचं काम, फोटो नव्हे.

पुढचं ऐक. कॉलेज रोडला आमच्या ग्रुपचं प्रदर्शन होतं. सटाण्याकडचे एक विज्ञानाचे सर खूप वेळ त्याच्यासमोर उभे. म्हणाले, "आपल्या आदित्य यानाने काढलेला सूर्याचा फोटो ना हा?" मी दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होतो. म्हणालो, "हं."

बस, तेवढंच. अठराशे रुपये मोजून घेऊन गेले. आणि गेल्या मंगळवारी मला शाळेत बोलावलं, श्रीफळ, शाल, सगळं. प्रयोगशाळेत माझं चित्र. सरांनी छडी घेतली आणि नेमकी त्या भोवऱ्यावर टेकवली. "मुलांनो, हे सूर्याचं चुंबकीय क्षेत्र. रेषा पिळल्या जातात, तुटून पुन्हा जुळतात आणि ऊर्जा बाहेर पडते." शब्द न् शब्द बरोबर, विन्या! छडीखालचं तेवढं खोटं. पुढच्या बाकावरची एक पोरगी वहीत तो भोवरा काढत होती, आतला, त्याच्या आतलासुद्धा. मी शाल सावरत बसलो.

परतताना बसमध्ये स्वतःची वकिली केली. ज्वालांचं गणित फ्रॅक्टलसारखंच, म्हणजे मोठ्यात तसंच लहान असणाऱ्या आकृतीसारखंच, आहे ना: लहान पुष्कळ, मोठ्या थोड्या, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत हा हिशेब जवळपास एकाच नियमाने चालतो. मग माझं चित्र तितकंसं खोटं कुठे? वणीच्या फाट्यापर्यंत पटलं. मग कॅरिंग्टन आठवला, सूर्य न्याहाळणारा तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ. १ सप्टेंबर १८५९, हा माणूस हाताने सौरडाग काढत बसलेला, एकदम दोन पांढरे झोत दिसले. तो साक्षीदार शोधायला धावला, मिनिटाभरात परतला तोवर झोत मावळत आलेले. एका मिनिटासाठी साक्षीदार शोधणारा तो, आणि साक्षीदार समोर उभा असताना 'हं' म्हणणारा मी.

तू हसशील, 'कॉम्प्युटरने काढलं, तू बटण दाबलंस' हे तुझं जुनं पालुपद काढशील. काढ. पण पाडव्याच्या रांगोळीत जाळीचा छाप मारून पहिलं बक्षीस कुणी घेतलं होतं? आणि दुसऱ्या दिवशी बक्षिसाचा तो स्टीलचा डबा परत देऊन आलास म्हणून मी तुला मूर्ख म्हणालो, महिनाभर बोललो नाही. माझी मेहनत होती ना त्या ठिपक्यांत. अजून थोडा राग आहे, खरं सांगतो.

पाटी तयार केली आहे: 'सौरज्वालांवरून सुचलेलं, संगणकावर काढलेलं चित्र.' चारदा लिहिली. सर भले आहेत, पोरांसमोर त्यांचं तोंड कसं होईल हे डोळ्यांपुढून हलत नाही. शनिवारी जायचं म्हणतोय.

बदलीचं काय झालं तुझ्या? सानिकाला ॲडमिशन मिळाली का? वहिनींना नमस्कार. चिवडा पाठवतोय, तिखटच आहे.

तो डबा परत देताना तोंडातून पहिलं वाक्य काय काढलं होतंस रे? तेवढं शुक्रवारच्या आत कळव.

तुझा,
बाळ्या