आधी कूलर बंद करा, माइकचं मग पाहू

संपादक महोदय,
स. न.

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करण्याबद्दल पुरवण्यांमधून हल्ली बरंच छापून येतं आणि त्यातला निम्मा मजकूर कोणता माइक घ्यावा यावरच खर्च होतो. खानदेशात गावोगावची पोरं गिटार, लॅपटॉप घेऊन अहिराणी गाणी करतात. चाल चांगली, शब्द चांगले, आणि तरी ऐकताना गाणं डब्यात म्हटल्यासारखं वाटतं. दोष माइकवर जातो आणि दुसरा, महागडा माइक येतो. डबा मात्र तोच राहतो, कारण तो डबा म्हणजे खोली.

आपल्याकडची नवी खोली पाहा. दहा बाय दहा, वर दहा फुटांवर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स. लांबी, रुंदी, उंची सारखी असली की तिन्ही दिशांचा घुमारा एकाच सुरावर येऊन पडतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरला तर १० फुटांत पहिला घुमारा ५७ हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा ११३ च्या आसपास येतो. गिटारची पाचवी तार, म्हणजे 'ए', ११० हर्ट्झवर वाजते. त्यात गिटारच्या पोकळीचा स्वतःचा घुमाराही १०० च्या जवळपास असतो. त्यामुळे 'ए' कॉर्ड आला की आवाज फुगतो आणि 'डी'वर गेलं की तीच गिटार अचानक बारीक वाटते. इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करायच्या सोयीने, हा फुगा पुरता जात नाही. तो ठरावीक सुरापुरताच असतो, त्यामुळे तिथे जास्त कापलं की बाकीचे कॉर्ड पोकळ होतात.

यावर उपाय म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायची जी पद्धत आहे, ती कृपया कोणी छापू नये. पुठ्ठ्याचा पातळ ट्रे घुमारा शोषत नाही, आणि वायरिंगशेजारी तो आगीला आमंत्रण आहे. एक इंची फोमही साधारण हजार हर्ट्झच्या वरचंच शोषतो. म्हणजे आवाजातली चमक जाते आणि खालचा घुमारा जागच्या जागी राहतो. आपला मुलूख कापसाचा आहे. घरोघरी चार-चार इंच जाडीच्या कापसाच्या गाद्या आहेत, आजीच्या हातच्या गोधड्या आहेत. गादी उभी करून भिंतीपासून वीतभर अलग ठेवा; चिकटून ठेवण्यापेक्षा ती खालच्या सुरांवर जास्त काम करते. आणि ती माइकच्या मागे नको, गाणाऱ्याच्या पाठीमागे हवी. नेहमीचा कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट त्याच्या तोंडात येतो. दुसरी गादी बाजूला, खाली सतरंजी. खोलीच्या मधोमध किंवा कोपऱ्यात बसू नका. भिंतीपासून तीनेक फुटांवर बसा. धाब्याचं जुनं घर शिल्लक असेल तर जाड मातीच्या भिंतींचं ते माजघर नव्या खोलीपेक्षा केव्हाही बरं.

मग येतो कूलर. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पंखा-कूलर बंद करा म्हणणं निर्दयपणाचं आहे हे कबूल. पण कूलर चालू ठेवायचा आणि नंतर सॉफ्टवेअरने 'नॉइज रिडक्शन' मारायचं, यात अहिराणीचं फार नुकसान होतं. 'मन्हा', 'तुन्हा' यांतला हलका हकार म्हणजे जवळजवळ श्वासच. कूलरचा आवाज आणि हा हकार यांतला फरक सॉफ्टवेअरला नीट कळत नाही. ते दोन्ही खातं आणि वर पाण्याखालून बोलल्यासारखी गुरगुर सोडतं. रेकॉर्डिंग पहाटे साडेचार ते साडेसहात उरकावं. रहदारी कमी असते, खोली त्यातल्या त्यात थंड असते. प्रत्येक टेकच्या, म्हणजे एका सलग रेकॉर्डिंगच्या, आधी दहा सेकंद कोणीही न हलता शांतता रेकॉर्ड करा. कुठला फ्रिज, कुठली मोटार वाजतेय ते हेडफोनवर लगेच कळतं. पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात हा उद्योग करूच नये.

कूलरचा दुसरा त्रास गिटारला. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपला उन्हाळा कोरडाठाक आणि कूलरसमोर एकदम दमट. या चढउतारात लाकूड आकसतं-फुगतं, मान हलते, सूर उतरतात. फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोटाला टोचू लागली तर लाकूड आकसलं असं समजा. ज्या खोलीत वाजवायचं तिथे गिटार अर्धा तास आधी आणून ठेवा, मग ट्यून करा, आणि दर टेकनंतर पुन्हा तपासा. तारा नव्या हव्यात, पण आदल्या दिवशी चढवलेल्या. त्याच दिवशी चढवल्या तर ताणत राहतात. कापो, म्हणजे मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की सूर किंचित चढतो, म्हणून कापो लावून पुन्हा ट्यूनिंग.

माइक गिटारच्या भोकासमोर ठेवू नका. हवेचा सगळा घुमारा तिथूनच बाहेर पडतो. मान जिथे पेटीला मिळते तिथे, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या फ्रेटसमोर, आठ ते बारा इंचांवर माइक ठेवून त्याचं तोंड जरासं भोकाकडे तिरकं करा. मग एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने हेडफोन लावून माइक इंच-इंच सरकवायचा. या पाच मिनिटांत जे मिळतं ते पुढे तासभर बटणं फिरवून मिळत नाही. इलेक्ट्रिक गिटार असेल तर ती इंटरफेसच्या, म्हणजे माइक-गिटारचा आवाज लॅपटॉपला पोहोचवणाऱ्या पेटीच्या, 'इन्स्ट्रुमेंट' इनपुटलाच जोडा. साध्या लाइन इनपुटला जोडली की पिकअपवर भार पडून वरचे सूर मेल्यासारखे होतात.

उपकरणांवर फार लिहीत नाही. दोन इनपुटांचा यूएसबी इंटरफेस, एक माइक, कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन. खोली घुमणारी असेल तर गायनाला तोंडाजवळ धरलेला साधा डायनॅमिक माइक बरा. कंडेन्सर खोलीभरचं सगळं गोळा करतो, आणि त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. ब्लूटूथ हेडफोन या कामाला चालत नाहीत, आवाज इतका उशिरा पोहोचतो की ताल धरता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ऑडॅसिटी मोफत आहे आणि दोन-तीन ट्रॅकला पुरतं. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, पुढे घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा. चोरलेलं सॉफ्टवेअर टाकून लॅपटॉपमध्ये व्हायरस घालायचं काही कारण उरत नाही.

विजेचं मात्र सविस्तर सांगायला हवं. हेडफोनमध्ये 'हूं' ऐकू आलं की ते आपल्या ५० हर्ट्झ विजेचं असतं. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष चार्जरच्या वाटेने येतोय. बॅटरीवर रेकॉर्ड करा, यूएसबी इंटरफेस लॅपटॉपवरच चालतो. घराचं अर्थिंग तपासून घ्या, पण हूं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. तार धरलेल्या हाताला तो जिवावरचा खेळ आहे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर भुणभुण हमखास येते. लाइट कधीही जाते हे धरून चालायचं आणि दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह होईल असं ठेवायचं.

प्रोजेक्ट उघडताच सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची ते) ४८ किलोहर्ट्झ आणि प्रत्येक मापाची बारकाई २४ बिट ठरवा, कारण व्हिडिओला ४८ लागतो. मध्येच ४४.१ ची फाइल आली आणि सॉफ्टवेअरने ती न बदलता वाजवली, तर गाणं कीबोर्डच्या काळ्या-पांढऱ्या धरून जवळजवळ दीड पट्टी चढलेलं आणि धावतं ऐकू येतं. पातळी सर्वांत मोठ्या जागी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. लाल दिवा एकदा लागला की तो फाटलेला आवाज सांधता येत नाही. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर खुशाल वाढवता येतं. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाची किती मापं साठवून पुढे सरकवतो ते, २५६ सॅम्पल ठेवला तर एका दिशेचा उशीर ५ मिलिसेकंदांच्या थोडा वर असतो. कडकड आली तर ५१२ करा. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून न फिरवता थेट हेडफोनला देणारं, बटण असेल तर ते लावा, पण मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिलं की आवाज दुहेरी येतो आणि पोरं सेटिंगमध्ये दिवसभर प्रतिध्वनी शोधत बसतात.

आधी क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठेक्याच्या टिकटिकीवर, गिटार आणि कच्चा आवाज असा एक मार्गदर्शक ट्रॅक करा, बाकी सगळं त्यावर. क्लिक हेडफोनमधून माइकमध्ये गळतो, म्हणून तो कमी ठेवा. कानबाईची, आखाजीच्या झोक्याची जुनी गाणी मात्र क्लिकवर बसवायचा हट्ट धरू नये. त्या लयीला श्वासाचं वळण असतं. आधी गळा रेकॉर्ड करावा, गिटारने त्याच्या मागे चालावं.

ऱ्हिदमची गिटार दोनदा स्वतंत्र वाजवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच टेकची नक्कल करून दोन बाजूंना टाकली तर रुंदी येत नाही. आवाज मधोमधच राहतो, फक्त मोठा होतो. गाताना माइकसमोर पॉप फिल्टर, म्हणजे श्वासाचा झोत अडवणारी जाळी, आणि तोंडापासून सहा इंच. प, फ, ब, भ यांचा झोत टाळायला माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला. अहिराणीत वाक्यं 'शे'वर संपतात, म्हणून ओळीच्या शेवटी शिट्टी येते. ही शिट्टी दाबणारा डी-एसर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात हलकाच लावा; जास्त लावलात तर 'शे' बोबडा होतो. गळ्याला ८० हर्ट्झखाली कट, कॉम्प्रेशन (मोठा आवाज आपोआप दाबण्याची सोय) ३ ला १, दाब दाखवणारी सुई ३ ते ६ डेसिबलपेक्षा जास्त खाली जाऊ नये. गिटारचा २०० ते ३०० मधला गाळ दोन-तीन डेसिबल काढला की शब्द वर येतात. ऑटोट्यूनबद्दल इतकंच, की गळ्याची मींड सपाट झाली तर गाणारं माणूस कुठल्या गावचं ते कळेनासं होतं.

मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण ऐकणाऱ्यांतले बहुतेक तिथेच ऐकणार. मग ट्रॅक्टरवरच्या टेपवरही ऐका, थट्टा नाही. यूट्यूब मोठी गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (लफ्स म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणून ठेवतं, त्यामुळे लिमिटरने दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाही, फक्त चपटं राहतं. शिखर उणे १ डेसिबलवर थांबवा. फाइल व्हॉट्सअॅपने पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर वाटेत तिचा दर्जा घसरतो.

आता हे पत्र छापून आलं तर ज्यांच्याकडे जावं असं वाटतं, त्यांच्यासाठी एक मागणी. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयं आहेत. पुस्तकांनी भरलेली कपाटं आवाज तोडतात, शोषतात. वेड्यावाकड्या कडांची ती भिंत विकतच्या पातळ फोमपेक्षा सरस. वाचनालयांनी पुस्तकांची एक खोली पहाटे दोन तास, दोन गाद्या आणि एका जाड पडद्यासह, नाव नोंदवून द्यावी. भाडं पैशांत घेऊ नये. गाण्याची मूळ वेव्ह फाइल, गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख यांसह वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर ठेवून घ्यावी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा घेतो. चार मिनिटांचं दहा ट्रॅकचं गाणं साडेतीनशे एमबीत मावतं. एक टीबीच्या डिस्कवर अशी अडीच हजारांहून जास्त गाणी बसतात. डिस्क दोन घ्याव्यात आणि दुसरी वाचनालयात न ठेवता दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, अमळनेर